पंपाची ड्यूटी

माझे सासरे नौदलात होते असं सांगितलं की समोरच्याच्या नजरेत एकदम आदर यायचा. पांढरा गणवेश, तोफा, लाटा असं सगळं त्याला दिसू लागायचं. मग तो सासऱ्यांकडे वळून विचारायचा, समुद्र कसा असतो हो? सासरे जरा विचार करून सांगायचे, "गरम आसता. आणि आवाज करता."

कारण ते इंजिन रूममध्ये मेकॅनिक होते. जहाजाच्या पोटात, जिथे खिडकी नाही तिथे. जहाज देशोदेशीच्या बंदरांना लागलं तेव्हा हे कुठल्या तरी बेअरिंगला ग्रीस लावत होते. वर्सोव्याच्या कोळणीनं पाहिला असेल त्याच्या पावपटसुद्धा समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. मी मालाडला सकाळच्या शाळेत शिकवते. एकदा हौसेनं मी त्यांना मुलांपुढे बोलायला नेलं. मुलांनी लढाईबद्दल विचारलं तर म्हणाले, लढाई वरती चालते, खाली नुसता आवाज वाढतो. मग बेअरिंग तापलंय की नाही हे तळहातानं नव्हे, हाताच्या पाठीनं कसं बघायचं ते त्यांनी तास संपेपर्यंत शिकवलं. मुख्याध्यापकांनी शाल दिली. ती त्यांनी घरी आल्यावर घडी घालून हत्यारांच्या पेटीत ठेवली, पाने गंजू नयेत म्हणून.

नौदलातून सुटल्यावर ते कोकणातल्या गावी गेले आणि हमरस्त्यापासून आत, फणसाच्या झाडाखाली त्यांनी गॅरेज काढलं. त्याला पाटी नव्हती. रिक्षा, जीप, विहिरीवरचे पंप, भातगिरणीचं इंजिन, लग्नाच्या बँडचा जनरेटर, जे बंद पडेल ते तिथे यायचं. गॅरेज मात्र जहाजासारखं चालायचं. आत यायचं तर परवानगी मागायची. जमीन रोज धुवायची, मग ती शेणाची का असेना. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्यूटी.

जहाजावर इंजिन एकटं सोडायचं नाही, हा नियम. तुमची पाळी संपली तरी बदली माणूस आल्याशिवाय हलायचं नाही, आणि तो नुसता येऊनही भागत नाही. त्यानं आधी गप्प उभं राहून इंजिन ऐकायचं. मग काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं. जे त्याला दिसलं नाही ते आधीच्यानं सांगायचं. मग एकानं म्हणायचं "ड्यूटी दिली," दुसऱ्यानं म्हणायचं "ड्यूटी घेतली." हे दोन शब्द होईपर्यंत जहाज बुडालं तरी तुम्ही तिथेच. सासऱ्यांनी हा नियम जसाच्या तसा फणसाखाली आणला. फक्त तिथे दुसरा मेकॅनिक नसल्यामुळे ते जेवायला निघाले की ड्यूटी गिऱ्हाइकाला द्यायचे.

यातून एका नवरदेवाचं लग्न लांबलं होतं. वऱ्हाडाची जीप बंद पडली, सासऱ्यांनी ती दुरुस्त केली, इंजिन थोडा वेळ चालवून बघायचं म्हणून चालू ठेवलं आणि समोर जो रिकामा दिसला त्याला, म्हणजे मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला, ड्यूटी देऊन ते जेवायला गेले. जेवताना कुणी तरी विहिरीचा पंप अडकल्याचा निरोप घेऊन आलं आणि ते मागच्या दारानं सायकलवरून तिकडे गेले. इकडे जीप झकास चालू. वऱ्हाडी म्हणू लागले, बस रे आता, निघू. नवरदेव म्हणाला, मी ड्यूटी घेतलीय. त्याला हलवता हलवेना. शेवटी मुलीचा मामा शोधत आला, त्यानं उभं राहून इंजिन ऐकलं, दोन शब्द झाले आणि नवरदेव दुसऱ्याच्या मोटरसायकलवरून मांडवात पोचला. मुहूर्त टळला होता, गोरज मुहूर्त काढावा लागला. हे मला त्या नवरदेवानंच माझ्या लग्नात सांगितलं. तो पोटभर हसत होता आणि हसताहसता सासऱ्यांच्या पाया पडला. मी म्हटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी.

माझं माहेर जालन्याकडचं. आमच्याकडे समुद्र नकाशात, आणि पाणी टँकरमध्ये.

सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या नवऱ्यानं गॅरेजला कुलूप लावलं आणि बाबांना मालाडला आणलं. गावात एकटे कसे राहतील, हा त्याचा मुद्दा. बरोबरही होता. पण मुद्दा बरोबर असला की माझा नवरा तो हातोड्यासारखा वापरतो. बाबा हत्यारांची पेटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि आत येण्याची परवानगी मागू लागले. नवरा वैतागून म्हणाला, अहो बाबा, घर तुमचंच आहे, या ना. ते हलेनात. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "परवानगी आहे." तेव्हा आत आले. त्या दिवसापासून आमचं दोघांचं जमलं.

पण बिनइंजिनाच्या घरात त्यांना करमेना. आमचा मिक्सर, पंखे, शेजाऱ्यांच्या इस्त्र्या सगळं दुरुस्त झालं. जे बिघडलेलं नव्हतं तेही दुरुस्त झालं आणि मग बिघडलं. एका रविवारी ते पार्किंगमध्ये फिरत होते, तिथे त्यांना जमिनीवर पाण्याचं थारोळं दिसलं. जहाजावर गळती दिसली की आधी सगळं बंद करायचं आणि मग शोधायचं. त्यांनी इमारतीचे होते नव्हते तेवढे सगळे व्हॉल्व्ह फिरवून बंद केले आणि बॅटरी घेऊन शोध सुरू केला. थोड्या वेळानं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी डोक्याला शाम्पू आणि कमरेला टॉवेल अशा थाटात जिन्यातून खाली आले. एक डोळा मिटलेला. त्यांच्यामागे आणखी बरेच लोक, जो ज्या अवस्थेत होता तसा. बाबा त्यांना शांतपणे म्हणाले की घाबरायचं कारण नाही, परिस्थिती आटोक्यात आहे. थारोळं पहिल्या मजल्यावरच्या एसीचं होतं.

सेक्रेटरी त्या दिवसापासून बाबांवर खार खाऊन होते. तुमच्या सासऱ्यांना सांभाळा, असं मला जिन्यात, भाजीवाल्यासमोर आणि एकदा कुणाच्या तरी बारशात सांगून झालं. पण तोपर्यंत उशीर झाला होता. व्हॉल्व्ह शोधताशोधता बाबांना पंप सापडला होता.

आमच्याकडे पालिकेचं पाणी संध्याकाळी येतं. ते गेटजवळच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत तो पंप आहे. चालू-बंद करायचं काम वॉचमनचं, आणि तो बिचारा त्या कामाला कंटाळलेला. बाबांनी त्याला विचारलं, ड्यूटी देतोस का. तो म्हणाला, ले लो ना बाबा. झालं. बाबांनी बराच वेळ पंप ऐकला, वॉचमनला ऐकायला लावला आणि रीतसर ड्यूटी घेतली.

मग आमच्या घराला बाबा सापडले. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून ते खाली जायचे आणि पाणी चढेपर्यंत पंपाशेजारी उभे राहायचे. बसायचे नाहीत. खुर्ची दिली तर तिच्यावर पाना ठेवायचे. सेक्रेटरींनी खोलीला कुलूप लावलं. बाबांनी कुलूप न फोडता उघडलं, त्यात तेल घालून परत लावलं आणि तुमचं कुलूप जाम होत होतं म्हणून सेक्रेटरींना सांगूनही आले. पंपाचा आवाज बदलला का, पाणी वेळेवर चढू लागलं का, याचं मला फारसं सांगता येणार नाही. मला तरी फरक कळला नाही. पण ते नीट जेवायला लागले होते. माझ्या दृष्टीनं पंप त्यासाठीच होता.

मग त्यांच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या. बोरिवलीच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे, ती कधीही फुटू शकते, आणि फुटली तर हॉस्पिटलपर्यंतही पोचता येणार नाही. ऑपरेशन ताबडतोब हवं, आजच दाखल करा. धोका ऑपरेशनमध्येही आहे, पण न करण्यात जास्त आहे. बाबांना ते चटकन समजलं. फुगलेल्या पाइपाशेजारी त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. त्यांनी कागदावरचं चित्र उलटसुलट करून बघितलं आणि मान डोलावली.

"ऑपरेशन करूया," ते म्हणाले. "पण माका बदली माणूस होयो. तवसर मी दाखल होवचंय नाय."

डॉक्टरांना वाटलं, त्यांना रक्त देणारा माणूस हवा आहे.

पंप सोडून ते दाखल होणार नव्हते. नवऱ्यानं रिक्षात, घरात, जेवताना, जेवण झाल्यावर समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. वॉचमन चालू-बंद करेल म्हटलं तर म्हणाले, त्याला ड्यूटी कुणी दिली? ज्या वॉचमननं मला दिली तो तर एजन्सीनं बदलला, हा नवा आहे, याला पंपाची ओळखसुद्धा नाही. नवरा ओरडला की तुमच्या पोटात बॉम्ब आहे. बाबा म्हणाले, म्हणूनच म्हणतोय, लवकर माणूस आणा. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या हिशेबानं चोख आहे हेही दिसत होतं. भीती तर अशी वाटत होती की ते खोकले तरी मी धावत जायचे.

आता गंमत बघा. जे सेक्रेटरी इतके दिवस बाबांना पंपावरून हाकलायला टपले होते, त्यांच्याच घरी जाऊन माझ्या नवऱ्याला हात जोडावे लागले, की कृपा करून पंप ताब्यात घ्या. सेक्रेटरी हरखले. संध्याकाळी ते कमिटीच्या दोन माणसांना साक्षीला घेऊन, पायात बूट घालून खाली आले. बाबांनी त्यांना पंपासमोर उभं केलं आणि पंप चालू केला. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, फोन बघितला, मग बाबांकडे बघून म्हणाले, सगळं ठीक आहे.

बाबांनी डोळे बारीक केले. "ठीक आसा म्हणजे काय आसा? तू काय बघितलंस, ता सांग."

सेक्रेटरींना आयुष्यात कुणी असं विचारलं नसावं. ते म्हणाले, पंप आहे, चालू आहे. आणखी? आणखी काय, निळा आहे. बाबांनी पंप बंद केला आणि म्हणाले, उद्या या. सेक्रेटरी चिडून गेले असतील असं मला वाटलं होतं. पण ते दुसऱ्या दिवशी खरंच आले, तयारी करून, कुठून तरी पंपाबद्दल वाचून. त्यांनी घडाघडा पाठ म्हटलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा दुसऱ्या पंपाबद्दल बोलतोय. सेक्रेटरींची पुन्हा दांडी उडाली. नवा वॉचमन आला तो ऐकताऐकता खाली बसला, म्हणून बाद. माझा नवरा आला. त्यानं खोलीत पाऊल टाकलं आणि पाऊल टाकतानाच म्हणाला, घेतली ड्यूटी, घेतली, चला आता, गाडी उभी आहे. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावरून हात फिरवला आणि पुन्हा पंपाकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर माझ्या नवऱ्यानं जे केलं ते आठवलं की अजून कपाळावर हात मारावासा वाटतो. त्याच्या डोक्यात आलं की बाबा कुणाचं ऐकत नाहीत, पण वरिष्ठांचं ऐकतील. नौदलातला अधिकारी कुठून आणायचा? शेजारच्या चाळीत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक जण राहतो. भारदस्त माणूस, झुपकेदार मिशा. त्याचा पांढरा ड्रेस, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं. नवऱ्यानं त्याला पढवलं आणि संध्याकाळी खाली आणलं. तो ऐटीत चालत आला, पंपाच्या खोलीच्या दारात थांबला आणि खणखणीत आवाजात म्हणाला की जवान, तुमची ड्यूटी संपली, हॉस्पिटलला रवाना व्हा.

बाबा ताठ उभे राहिले. क्षणभर मला वाटलं, जमलं. त्यांनी त्या माणसाला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. सोनेरी झालर बोटानं जरा उचलून बघितली.

"असल्या ड्रेसवाल्यांचो जनरेटर माज्या गॅरेजात येय," ते म्हणाले, आणि तुमचा जनरेटर सध्या कसा चालतोय म्हणून त्यांनी त्याची चौकशी केली. क्लॅरिनेटवाल्याचा चेहरा उजळला. त्यांच्या जनरेटरला खरंच काही तरी झालं होतं, ऐन वरातीत दिवे मिचमिचायचे. तो दारातच बसला आणि दोघं अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. नवरा पार्किंगमध्ये एका स्कूटरवर डोकं धरून बसला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा अधिकारी बाबांना "काका" म्हणत होता.

मला त्या संध्याकाळी राग असह्य झाला. बाबांचा नव्हे, सगळ्यांचाच. एक म्हातारा माणूस फुटायला आलेलं पोट घेऊन उभा आहे आणि आम्ही त्याला फसवायला मिशीवाले शोधतोय. तो मागतोय ते इतकंच, की कुणी तरी थोडा वेळ गप्प उभं राहावं आणि ऐकावं. माझ्या माहेरी टँकर यायचा असला की घरातलं कुणी तरी पाण्यापाशी उभं राहायचंच. घागरींची रांग सोडून कुणी गेलेलं मला आठवत नाही. पाण्यापाशी उभं राहणं मला कुणी शिकवायला नको होतं. मी चहाचा कप खुर्चीवरच्या पान्याशेजारी ठेवला, पदर खोचला आणि म्हटलं, "बाबा, मी आलेय. पंप लावा."

त्यांनी बँडवाल्याला बाहेर काढलं. पंप लावला. मी उभी राहिले. आधी नुसता गोंगाट होता. मग त्या गोंगाटात घरघर वेगळी झाली, पाणी चढतानाचा सूं असा आवाज वेगळा झाला. चहाची वाफ संपली. मग मी जे होतं ते सांगितलं. डावीकडचा एक नट इतरांपेक्षा नवा आहे. पायाखाली थरथरतंय, पण एकसारखं. मोटरचा पंखा फिरतो तिथे भिंतीवर काळा पट्टा पडलाय. आणि दांडा जिथे पंपात शिरतो तिथून पाणी थेंबथेंब गळतंय.

बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तो ग्लँड, दांड्याभोवतीचो. तो जरा गळूकच होयो," ते म्हणाले. "एकदम सुको ऱ्हवलो तर जळतलो."

मग मला न दिसलेलं त्यांनी सांगितलं. सेक्रेटरी रोज पाणी आल्यावर नव्हे, त्याच्या जरा आधी, पाणी आलं का म्हणून विचारायला येतात, त्यांना रागावू नको. मांजर व्याली आहे मोटरच्या मागे, पिल्लं मोठी होईपर्यंत खोका हलवू नको. नट नवा आहे कारण जुना मी माझ्या पेटीत ठेवलाय. मला वाटलं संपलं. पण ते थांबले नाहीत. आता माझ्या नवऱ्याची पाळी होती.

"तुजो घोव आवाज करता, पण चलता. त्येका उघडून बघू नको."

मी हो म्हटलं. त्यांनी हात पुसले, शर्ट नीट केला.

"ड्यूटी दिली."

"ड्यूटी घेतली."

त्यानंतर त्यांनी पंपाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. कपडे भरलेली पिशवी तयारच होती, म्हणजे त्यांनी ती कधीचीच भरून ठेवली होती. रिक्षात बसताना ते इतके मोकळे दिसले की मला पहिल्यांदाच कळलं, हा माणूस किती दमला होता. रिक्षावाल्याला त्यांनी सांगितलं की तुझा क्लच जातोय. मी मागे राहिले, कारण टाकी अजून भरायची होती.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित झालं. दोन दिवस बाबांनी हॉस्पिटलच्या पलंगाची चाकं कुरकुरतात अशी तक्रार केली. मग छातीत कफ झाला, ताप चढला, आणि ते गेले. मी त्यांच्याजवळ नव्हते. संध्याकाळ होती, पाणी आलं होतं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी पंपाच्या खोलीत होते आणि मी फोनवर त्याला म्हटलं, थांब, टाकी भरतेय. नंतर मला स्वतःचीच शिसारी आली. तरीही मी टाकी भरेपर्यंत उभी राहिले आणि मगच धावले.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. गावाहून तो नवरदेव आला, आता पार पांढऱ्या केसांचा. सेक्रेटरींनी दहाव्याला स्वतः धावपळ केली आणि शोकसभेत सांगितलं की आमच्या सोसायटीनं एक लढवय्या गमावला. मागून कुणी तरी म्हणालं, त्यांनी सगळे व्हॉल्व्ह बंद केले होते तेच ना हे. लोक हसले, सेक्रेटरीही हसले. क्लॅरिनेटवाला ड्रेस घालून आला होता, कारण तो थेट एका वरातीतून आला होता. एवढी सगळी माणसं रडत होती. माझ्या डोळ्यांत थेंब नव्हता. सुनेला काय त्याचं, असं एका नातेवाईक बाईनं मला ऐकू येईल असं म्हटलं. पाण्याची वेळ झाली की मी उठायचे आणि खाली जायचे. नवरा म्हणाला, आता कशाला, वॉचमन आहे ना. त्यालाही कळेना, मलाही सांगता येईना. ड्यूटी मी घेतली होती. ती ज्यांच्याकडून घेतली ते नव्हते, आणि ती माझ्याकडून घेणारं कुणी आलं नव्हतं.

बरेच दिवस असेच गेले. मांजरीची पिल्लं खोक्यातून बाहेर पडली.

मग एका संध्याकाळी पंप चालू असताना दारात सावली पडली. नवरा होता. अंधेरीच्या ऑफिसातून तो इतक्या लवकर कधी येत नाही. मला वाटलं, भांडायला आलाय. तो दाराबाहेरच थांबला.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

"परवानगी आहे," मी म्हटलं.

तो आत आला आणि पंपासमोर उभा राहिला. मी वाट बघत होते की आता बोलेल, आता घड्याळ बघेल. तो गप्प. हा माणूस गप्प उभा आहे असं मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. हळूहळू त्याचं डोकं एका बाजूला कललं. बाबा ऐकताना कलवायचे त्याच बाजूला. मग त्यानं हाताची पाठ बेअरिंगला लावली.

तो सांगू लागला. एक नट नवा आहे. थरथर एकसारखी आहे. बेअरिंग कोमट आहे, गरम नाही. खुर्चीवर बाबांचा पाना आहे. एवढं सांगून तो अडला. दांड्यापाशी बोट नेऊन त्यानं बोटावर एक थेंब घेतला आणि तो बघत राहिला.

"हे गळतंय," तो म्हणाला.

"तो जरा गळायलाच हवा," मी म्हटलं. मग त्याला न दिसलेलं मी सांगितलं. पिल्लं आता तीन ठिकाणी फिरतात, मोटर लावायच्या आधी मागे बघायचं. सेक्रेटरींना रागवायचं नाही. बाबांचं शेवटचं वाक्य मी त्याला सांगितलं नाही. ते माझ्या ताब्यातलं होतं.

"ड्यूटी दिली."

"ड्यूटी घेतली," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पंपाकडे बघत उभा राहिला.

मी जिना चढून वर आले. हात धुतले, गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मग ओट्याला धरून मी खाली बसले आणि बाबांसाठी रडले. खूप रडले. खाली पंप चालू होता आणि त्याच्यापाशी माणूस होता.